निवडायचं नाही

माझी आई भाजी घ्यायला निघाली की गांधी बाजारातल्या भाजीवाल्या बायकांच्या कपाळाला आठ्या पडत. भेंडीचं टोक मोडून पाहिल्याशिवाय ती भेंडी घेत नसे, कोथिंबिरीची जुडी सोडून आतल्या काड्या बघे, आणि टोमॅटोच्या ढिगात कोपरापर्यंत हात घालून तळातला टोमॅटो वर आणी. 'आरिसबेडी अम्मा', निवडू नका हो, असं त्या कानडीत ओरडत. आई 'सरी, सरी' म्हणे आणि निवडत राही. आमचं घर चार पिढ्यांपासून बंगळुरातलं. बसवनगुडीत कापडाचं दुकान होतं, ते वडील गेल्यावर बंद झालं. घरात मराठी आणि उंबऱ्याबाहेर कानडी, दोन्ही भाषांत आईचा आवाज सारखाच चढा असे.

घरी आल्यावर निवडीची दुसरी फेरी सुरू व्हायची. पालेभाजी वर्तमानपत्रावर पसरायची आणि एकेक काडी हातात घेऊन पिवळं पान, भोकाचं पान, डागाचं पान खुडून बाजूला टाकायचं. याला आपण भाजी निवडणं म्हणतो. आपण ठेवायचं ते निवडतो की टाकायचं ते निवडतो, हे मला लहानपणी कळत नसे. आईला विचारलं तर म्हणाली, दोन्ही एकच, आणि मला लसूण सोलायला बसवलं.

आम्हा दोघा भावंडांतही तिने निवड करून ठेवली होती आणि ती लपवायची तिला कधी गरज वाटली नाही. अण्णा माझ्याहून मोठा. टम्म फुगलेली पुरी त्याच्या ताटात पडे आणि चपटी माझ्या. दुधावरची साय त्याला, खालचं दूध मला. याची मी पुढे इतकी सवय करून घेतली की फुगलेली पुरी समोर आली तर मला चुकल्यासारखं होई. मला बघायला आलेल्या हुबळीच्या मंडळींनी नकार कळवला तेव्हा आई मेथी निवडत होती. मी तोंड पाडून बसले होते. मान वर न करता ती म्हणाली, "त्यांचं काय चुकलं? मी तरी कुठं निवडली असती." मेथी झाल्यावर तिने मला काड्या टाकून यायला सांगितलं.

असल्या बाईची मुलगी पुढे निवड न करण्याचा प्रयोग करू लागली, याला मी काय करू?

मी झाडांच्या व्हायरसवर पीएचडी करत होते. माणसांच्या व्हायरसला मान असतो, त्याच्यावर बातम्या होतात. झाडांच्या व्हायरसला कोणी विचारत नाही. मिरचीची पानं आकसली, पपईवर गोल चट्टे उठले, की शेतकरी कपाळाला हात लावतो आणि बाकीचे भाव वाढला म्हणून कुरकुरतात. माझा व्हायरस मिरचीवरचा होता. त्याला स्वतःच्या नकला करण्यापलीकडे काही येत नाही, आणि त्याही तो धड करत नाही. दर नकलेत चुका करतो. एका पानात त्याच्या अगणित प्रती असतात आणि त्यातल्या क्वचितच एकमेकींशी तंतोतंत जुळतात. बहुतेक चुका त्याच्याच मुळावर येणाऱ्या असतात. तरी तो टिकतो, कारण चांगल्या प्रती भराभर वाढतात आणि वाईट प्रती मागे पडतात. ही निवड कोणी करत नाही, ती आपोआप होते.

पण एखादा मावा, म्हणजे पानावर बसणारी ती बारीक हिरवी कीड, एका झाडावरून दुसऱ्या झाडावर उडतो तेव्हा आपल्या सोंडेत त्या अगणितांतले मोजकेच कण घेऊन जातो. ते चांगले आहेत की वाईट, हे तो पाहत नाही. नव्या झाडावरची सगळी प्रजा त्या मोजक्यांची. दर वेळी असंच होत राहिलं, दर वेळी एवढ्याशा भोकातून डोळे मिटून जायची वेळ आली, तर त्या व्हायरसच्या घराण्याचं काय होईल? माझा सगळा प्रबंध या एका प्रश्नावर उभा होता.

त्यासाठी आम्ही एक झाड वापरायचो. प्रयोगशाळेत त्याला चिनोपोडियम म्हणत. पहिल्या दिवशी ते पाहून मला हसू आलं, कारण तो आमचा चाकवत होता. अगदी तोच नाही, चाकवताचा सख्खा भाऊ म्हणा, कोवळ्या शेंड्याला जांभळट झाक असलेला. बाजारात इथे त्याला चक्कोत सोप्पु म्हणतात. चाकवताच्या पानाची खुबी अशी, की व्हायरस जिथे शिरला तिथेच पान त्याला अडवून धरतं, आणि त्या जागी टाचणीच्या डोक्याएवढा पिवळा ठिपका उठतो. एक ठिपका म्हणजे बहुधा एकाच कणाची प्रजा. तो ठिपका कापायचा, खलात घोटायचा, नव्या झाडाच्या पानावर काळी बारीक पूड भुरभुरवायची आणि वरून तो रस बोटाने चोळायचा. पूड कुरुंदासारखी, सुरीला धार लावायच्या दगडाची करावी तशी. तिने पानाला न दिसणारे ओरखडे पडतात आणि व्हायरसला आत शिरायला वाट मिळते. मग पान पाण्याने धुवायचं, तरी शिरांच्या खोबणीत थोडी पूड राहतेच. ठिपके उठले की पुन्हा त्यातला एकच घ्यायचा आणि पुढच्या झाडावर न्यायचा. माझ्याकडे अशी दहा घराणी होती. प्रत्येकाची कुंडी वेगळी, प्रत्येकाचा खल वेगळा. शिवाय काही झाडांना नुसती पूड आणि पाणी चोळलेलं असे, व्हायरस नाही, ताडून पाहण्यासाठी.

नियम एकच होता. ठिपका निवडायचा नाही. हाताला सवय असते, तो ठसठशीत ठिपक्याकडे जातो. मोठा ठिपका म्हणजे जोमदार व्हायरस. तसा दर वेळी उचलला तर निवड झाली आणि प्रयोग बुडाला. आमच्या मॅडम, ज्यांच्या हाताखाली मी काम करत होते, याबाबत फार कडक होत्या. माझ्या हाताकडे बघत उभ्या राहायच्या. पहिल्याच आठवड्यात त्यांनी माझा चिमटा धरलेला हात हवेत धरून ठेवला आणि सगळ्यांसमोर विचारलं, की तू इथे काम करायला आलीस की बाजार करायला. सगळे हसले. मला त्या रात्रीच्या जेवणापर्यंत त्यांचा राग होता, पण त्यांचं खोटं नव्हतं. माझ्या हातात माझी आई होती.

म्हणून मी घरून हाऊजी आणली. आईचं एक महिला मंडळ होतं, संक्रांतीच्या हळदीकुंकवाला तिथे हाऊजी व्हायची आणि आकडे पुकारायचा मान आईचा. खणाची एक पिशवी होती, तिच्यात एक ते नव्वद आकड्यांच्या प्लास्टिकच्या सोंगट्या. आई हात घालून सोंगटी काढायची आणि प्रत्येक आकड्याला शेपूट लावून पुकारायची. 'एकटाच बिचारा, एक.' 'दोन बदकं, बावीस.' बायका खिदळायच्या. करोनात मंडळ बंद पडलं, ते पडलंच. मी पिशवी मागितली तेव्हा तिने विचारलं कशाला, मी सांगितलं. पानावरच्या ठिपक्यांना देठाकडून क्रमांक द्यायचे, सोंगटी काढायची, जो आकडा येईल तो ठिपका घ्यायचा.

"माझ्या हाऊजीनं रोग निवडणार तू?"

"निवडत नाही आई, काढते."

तिला हा फरक मूर्खपणाचा वाटला आणि तिने तसं सांगितलंही. पण पिशवी दिली.

दोन वर्षांनी परिणाम दिसू लागला. माझी दहाही घराणी उतरणीला लागली होती. ठिपके लहान, फिके आणि थोडे येत. एका घराण्याचे ठिपके तर इतके उशिरा उठत की मी कुंडी सूर्यप्रकाशात धरून शोधत बसे. ज्या झाडांवर मी एक ठिपका न घेता अख्ख्या पानाचा रस नेत होते, तिथला व्हायरस मात्र पहिल्या दिवसासारखा ठणठणीत होता. जुन्या गजराच्या घड्याळाला किल्ली देताना दातेरी चाक एकाच बाजूला सरकतं, मागे येत नाही, तसं ते होतं. डोळे मिटून काढलेल्या ठिपक्यात एक वाईट चूक आली, की त्या घराण्यात ती कायमची. तिच्याशिवायचा कोणी मागे उरलेलाच नसतो. मग पुढच्या पिढीत तिच्यावर दुसरी चूक चढते. मला आनंद व्हायचा. व्हायरस मरत होता आणि माझी डिग्री पिकत होती. एकदा जेवताना भरात येऊन मी हे सगळं आईला समजावून सांगितलं. तिने शांतपणे घास संपवला. निवडलं नाही तर घराणं बिघडतं, हे कळायला तुला एवढं शिकावं लागलं का, असं तिने विचारलं.

शेवटच्या काही पिढ्या उरल्या होत्या, तेव्हा ग्रीनहाऊसमध्ये मावा शिरला. कोणाच्या तरी कोबीवरून आला होता. मावा या कुंडीवरून त्या कुंडीवर बसला तर घराणी एकमेकांत मिसळणार. मॅडमनी फर्मान काढलं: सगळी झाडं जाळा, धूर द्या, फ्रिजमध्ये जुन्या पिढ्यांची सुकवलेली पानं आहेत त्यांच्यापासून पुन्हा सुरू करा. माझी सुकवलेली पानं वर्षभरामागची होती. माझी फेलोशिप संपत आली होती. मी भिंग घेऊन माझं एकेक पान खालून वरून तपासलं. मावा नव्हता. मॅडमना सांगितलं तर त्या म्हणाल्या, नियम सगळ्यांना सारखा. आणि दुसऱ्या दिवशी त्यांच्या आवडत्या ज्युनिअर मुलीच्या कुंड्या चार दिवसांसाठी शेजारच्या खोलीत हलवलेल्या मी माझ्या डोळ्यांनी पाहिल्या. मग मीही माझ्या कुंड्या रिक्षात घालून बसवनगुडीला आणल्या. कुंडी प्रयोगशाळेबाहेर न्यायची नाही, हा नियम मला माहीत होता. तो सगळ्यांना सारखा असता तर मी पाळला असता.

गच्चीवर जाळी बांधून कुंड्या ठेवल्या. मुळाक्षरं लिहिलेल्या पट्ट्या प्रत्येक कुंडीत खोचल्या. आईला वर बोलावून बजावलं. झाडांना रोग आहे, हात लावायचा नाही. डागाची पानं माझी आहेत, ती मला हवीत. तिने कंबरेवर हात ठेवून कुंड्या निरखल्या आणि म्हणाली, चाकवत छान आलाय की गं, स्वल्प डाग आहेत एवढंच.

त्या रविवारी अण्णा यायचा होता. अण्णा व्हाइटफील्डला चौदाव्या मजल्यावर राहतो, बायको आणि दोन मुलांसह. महिन्या-दोन महिन्यांतून ट्रॅफिकला शिव्या घालत बसवनगुडीला येतो आणि आईचा सण होतो. मी सकाळी प्रयोगशाळेत गेले होते. नवी माती, नवी रोपं आणायची होती, संध्याकाळी ठिपके मोजायचे होते. परत आले तेव्हा ताटं मांडलेली होती, अण्णा सहकुटुंब बसला होता. ताकातला चाकवत केला होता. डाळ-दाणे घातलेला, वर मिरची-हिंगाची फोडणी. अण्णाला तो लहानपणापासून आवडतो. मलाही आवडतो, पण ते कोणी विचारलेलं नव्हतं.

मला भूक लागली होती. मी हात धुऊन बसले, भात कालवला, पहिला घास घेतला. दाताखाली कचकच आली.

अण्णा म्हणाला, आई, स्वल्प माती राहिली बघ. आई दुखावली. तीन पाण्यांतून काढला आहे म्हणाली, माती कशी राहील? माती नव्हतीच ती. मातीचा कण दाताखाली फुटतो. हा फुटत नव्हता. दोन वर्षं ती पूड माझ्या नखांत, केसांत, डब्यात होती, एकदा डोळ्यातही गेली होती. मला ती जिभेने ओळखता येते. मी घास तोंडात तसाच धरून बसले आणि मला कळलं की मी माझं काम खाते आहे.

वर गेले. कुंड्यांत दांडे उभे होते. एकाही दांड्यावर पान नव्हतं. पट्ट्या नीट जागच्या जागी होत्या, अ पासून शेवटच्या अक्षरापर्यंत. आईने त्यांना धक्काही लावला नव्हता.

मी खाली आले तर ती स्वयंपाकघराच्या दारात रोळी घेऊन उभी होती. रोळीत पानं होती. चेहऱ्यावर, खोटं सांगत नाही, थोडं कौतुक होतं स्वतःचं.

"तुझी डागाची पानं तुला ठेवलीत. एकसुद्धा भाजीत जाऊ दिलं नाही. निवडून घेतलाय सगळा."

दहा घराण्यांची पानं एका रोळीत होती. वरून तिने पाणी शिंपडलं होतं, कोमेजू नयेत म्हणून. कोणतं पान कुठल्या कुंडीतलं, हे आता ब्रह्मदेवालाही सांगता आलं नसतं. चांगली म्हणून तिने शिजवली ती बिनडागाची पानं. त्यात माझी नुसती पूड चोळलेली झाडंही सगळी गेली. हात लावायचा नाही, एवढं सोडून तिने माझा शब्द न् शब्द पाळला होता. डागाची पानं माझी, ती मला हवीत. दिली.

मी ओरडले. काय ओरडले ते मला आठवत नाही, पण त्यात व्हायरस हा शब्द होता, कारण वहिनीने ताट ढकललं आणि धाकट्याच्या तोंडात बोट घालून घास बाहेर काढला. झाडाचा व्हायरस माणसाला काही करत नाही, रोजच्या जेवणात तुम्ही सगळे तो खाता, असं मी सांगत होते, पण करोनातून बाहेर आलेल्या माणसांना ते कोणी सांगावं? अण्णा उठला, आचवला, आणि दहा मिनिटांत सगळे गाडीत बसले. आई गेटपर्यंत धावत गेली. परत आली ती माझ्यावरच आली. एवढ्या दिवसांनी माझा मुलगा जेवायला बसला होता, तू त्याला उठवलंस म्हणाली. रोळी तिने माझ्यासमोर टेबलावर ठेवली आणि अण्णाचं अर्धं ताट झाकून ठेवलं.

सोमवारी मी मॅडमना सांगितलं, कारण लपवण्यासारखं काही उरलंच नव्हतं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग त्या हसू लागल्या. चांगल्या दणदणीत हसल्या, चष्मा काढून डोळे पुसले. तुझ्या आईने फार कडक निवड केली म्हणाल्या, शंभर टक्के. हसून झाल्यावर चष्मा लावला आणि सांगितलं, की झाडं बाहेर नेल्याबद्दल समितीला कळवावं लागेल. फ्रिजमधली माझी वर्षभरामागची पानं त्या ज्युनिअर मुलीला दिली जातील, ती काम पुढे नेईल. मी म्हटलं, ती मला द्या, मी विनाफेलोशिप करते. त्या म्हणाल्या, प्रश्न पानांचा नाही, मला भरवशाचा हात निवडायला हवा.

ज्युनिअरचा प्रबंध झाला. निष्कर्ष माझेच निघाले, निघणारच होते. आभाराच्या पानावर तिने आपल्या मांजरीचं नाव लिहिलं आहे, माझं नाही.

मी महादेवपुऱ्यात एका बियाण्यांच्या कंपनीत नोकरी धरली आणि तिथेच दोन खोल्या घेतल्या. ऑफिसची कॅब सकाळी उचलते, संध्याकाळी सोडते. व्हायरस आता मला फक्त अक्षरांत भेटतो. कुठल्या कुठल्या शेतांतून आलेल्या नमुन्यांच्या जनुकांच्या ओळी पडद्यावर एकीखाली एक लावायच्या आणि कोण कोणापासून निघाला ते जुळवायचं. दोन वेगळ्या जिल्ह्यांतले व्हायरस तंतोतंत सारखे दिसले, की समजायचं, कोणीतरी एकच रोगट रोप विकत नेलं. हे काम मला चांगलं जमतं. माझ्या नावामागे डॉक्टर नाही म्हणून माझ्या वरच्या जागेवर माझ्याहून लहान पोरं येतात, आणि मला विचारून विचारून अहवाल लिहितात. आईला मी फोन करत नसे. तीच करायची, आणि अण्णाचा फोन लागत नाही म्हणून सांगायची.

गेल्या वर्षी ती गच्चीच्या जिन्यावरून पडली. वाळत घातलेल्या मिरच्या आणायला गेली होती. खुबा मोडला, ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी सांगितलं, आता एकटं राहायचं नाही. दवाखान्यातून घरी आणल्यावर मी, अण्णा आणि ती, तिघं बसवनगुडीच्या पुढच्या खोलीत बसलो. ती पलंगावर, वॉकर बाजूला. अण्णा म्हणाला, तू एकटी आहेस, तुला सोपं पडेल. मी म्हटलं, तुझ्याकडे चार खोल्या आहेत आणि तिला तूच हवास. तो म्हणाला, घरी वहिनीची तयारी नाही, त्या जेवणाचं तिच्या अजून मनात आहे. माझं तर सगळं आयुष्य त्या जेवणात गेलं होतं.

आईने दोघांना थांबवलं. कुणाकडे जायचं ते मी सांगते, म्हणाली. तिने अण्णाकडे पाहिलं. बाजारात पाहायची तसंच पाहिलं, ठरलेलं असल्यासारखं. आणि अण्णाने मान खाली घातली. पायातल्या मोज्याकडे बघत म्हणाला, आई, तू असं निवडू नकोस, बरं दिसत नाही.

इतकी वर्षं मी ज्याची वाट पाहत होते ते हेच असावं. मला बरं वाटलं. मी उठले, कपाटातून खणाची पिशवी आणली. विषम आकडा आला तर अण्णाकडे, सम आला तर माझ्याकडे. अण्णाला हायसं वाटलेलं स्पष्ट दिसलं. त्याने लगेच हो म्हटलं. मी पिशवी आईपुढे धरली. हात तिचाच असू दे म्हटलं, नंतर बोल नको.

तिने हात आत घातला. सोंगट्यांवरचे आकडे कोरलेले आहेत, ती बोटं फिरवून फिरवून चाचपत होती. कपाळावर घाम आला होता. मला वाटलं ती विषम शोधते आहे. अजूनही वाटतं.

"आई, चाचपू नकोस. निवडायचं नाही."

तिची बोटं थांबली. एक सोंगटी मुठीत घेऊन हात बाहेर काढला, पण मूठ उघडली नाही. अण्णाकडे पाहिलं, तो खिडकीबाहेर बघत होता. मग तिने माझ्याकडे पाहिलं. असं तिने कुणाकडेच कधी पाहिलं नव्हतं, फुगलेली पुरी वाढताना अण्णाकडेसुद्धा नाही.

"तू तरी निवड की गं मला."

मी तिच्या मुठीची बोटं एकेक करून उघडली. जोर लावावा लागला नाही. आकडा पाहिला आणि तिच्याच चालीत पुकारला. दोन बदकं, बावीस.

ती आता माझ्याकडे राहते. मी तिला वेळेवर औषध देते, व्यायामाला बाई ठेवली आहे, खाण्यापिण्याचं कमी पडू देत नाही. सकाळी ती बाल्कनीत वर्तमानपत्र पसरून भाजी निवडत बसते. आमच्या मजल्यावरच्या बायका येता-जाता तिच्याशी दोन शब्द बोलतात. मुलगा नाही का, असं कोणी विचारलं की ती सांगते, आहे ना, व्हाइटफील्डला मोठा फ्लॅट आहे, पण लेकीनं निवडलं मला. मी घरात असले तर हातातलं काम ठेवून बाल्कनीच्या दाराशी जाते आणि सांगते, की निवडलं नाही, बावीस आला होता. बायकांना काही समजत नाही, त्या हसतात. आई पानं खुडत राहते.